रांजण एकच, ओगराळी दहा

माणदेशातल्या एका गावात, मारुतीच्या देवळात पांढरी चादर टांगून मी एकदा सत्तेचाळीस स्लाइड दाखवल्या होत्या. म्हणजे दाखवायच्या होत्या. एकोणिसाव्या स्लाइडला वीज गेली. ती गेली तेव्हा चादरीवर जमिनीचा उभा छेद होता. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, तळाशी काळा पाषाण, आणि या सगळ्यातून वाट काढत खाली जाणारे पाण्याचे निळे बाण. ते बाण मी आदल्या रात्री एक वाजेपर्यंत जागून काढले होते.

पाणलोट विकासाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी तेव्हा नुकतीच लागले होते. लोकांना पाण्याचं कळत नाही कारण त्यांच्याकडे माहिती कमी आहे, असं माझं ठाम मत होतं. तेव्हा माहिती वाढवायची, की झालं. अंधारात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग सरपंच म्हणाले, "मॅडम, तोंडीच सांगा की." तोंडी सांगायला गेले आणि लक्षात आलं, मला हे तोंडी सांगताच येत नाही. मला स्लाइड वाचता येत होत्या.

तरी काहीबाही बोलले. ‘भूजल पुनर्भरण’ हा शब्द पाच मिनिटांत पाच वेळा तरी वापरला असेल. समोरचे चेहरे दिसत नव्हते ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. शेवटी बायकांच्या बाजूने, खांबाजवळून, एका म्हातारीचा आवाज आला.

"म्हंजी रांजण येकच हाय, आन् वगराळी धा."

वगराळं म्हणजे ओगराळं. ज्यांच्या स्वयंपाकघरात रांजण होता त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, रांजणात हात न बुडवता पाणी काढायचं लांब दांड्याचं भांडं. पितळेचं असलं तर दांड्याच्या टोकाला वाकडा आकडा, तो रांजणाच्या काठाला अडकवून ठेवायचा.

देवळात हशा पिकला. मग कुजबुज. मग कुणीतरी म्हणालं, "आन् त्यातली तीन वगराळी येकाच घरात." पुन्हा हशा, पण हा जरा निराळा. ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो घसा खाकरून म्हणाला, "आमची बोर खोल हाय, तिचा हितं काय संबंध?" दुसरा म्हणाला, "तुझी बोर चालू झाली की माझ्या हिरीला गूळण्या करायला पानी ऱ्हात न्हाई, ह्यो संबंध." आणि सभा सुरू झाली. रात्री साडेदहापर्यंत चालली. मला त्यात फारसं काम नव्हतं.

दोनेक वर्षांनी, तिथून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याच गावात, चहाच्या टपरीवर एका माणसाने मला अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "पाण्याचं कसं असतं मॅडम, रांजण एकच, ओगराळी दहा." त्याला ते त्याच्या मेव्हण्याने सांगितलं होतं. माझ्या निळ्या बाणांबद्दल आजवर मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण पुढाऱ्यांची भाषणं, साहेबांची प्रशिक्षणं, उद्‌घाटनं आणि समारोप ऐकताना दर वेळी मी त्या खांबाजवळच्या आवाजापाशी जाऊन पोचते. सांगणारा जीव तोडून सांगतो आणि त्यातलं काहीच उरत नाही. कुणी तरी पाच-सहा शब्द बोलतं आणि ते वीस किलोमीटर चालत जातात. असं का?

आपली भाषा याबद्दल काहीतरी सांगते, असं मला हळूहळू वाटायला लागलं आहे. मराठीत आठवण राहते ती तोंडात. पाढे तोंडपाठ असतात, हरिपाठ मुखोद्गत असतो, एखादं नाव अगदी जिभेवर असतं पण आठवत नाही. कानाची मात्र आपल्याकडे काही पत नाही. कान हलके असतात, ते भरता येतात, फुंकता येतात. नको ते कानाआड करायचं असतं, आणि या कानाने ऐकलं ते त्या कानाने सोडून देण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. इतक्या पिढ्यांनी कानाबद्दल हे मत करून ठेवलेलं असताना आम्ही प्रशिक्षक लोक सगळा माल त्या कानातच ओतत बसतो.

तोंडाचा हा हिशोब सगळ्यात चांगला कळलेला माणूस निरक्षर होता.

गाडगेबाबांच्या शेवटच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. ८ नोव्हेंबर १९५६ला मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला बाबा गेले. मी ते मुद्रण पहिल्यांदा ऐकलं दहिवडीहून पुण्याला येताना, एसटीत, फोनवर. खिडकीची काच खडखडत होती, अर्धे शब्द निसटत होते, आणि तरी पहिल्या काही मिनिटांत मी ताठ बसले. कारण मला जे ऐकू येत होतं ते एका माणसाचं बोलणं नव्हतंच. बाबा विचारत होते आणि माणसं उत्तरं देत होती. सगळी, एका आवाजात.

बाबा विचारतात, देव किती आहेत? लोक म्हणतात, एक. ठीक. मग गावच्या देवांची हजेरी सुरू होते. तुमच्या गावाला खंडोबा आहे का? आहे. भैरोबा? आहे. मरीआई? आहे. आता पुढचं बाबांनी सांगायची गरजच उरत नाही. ‘एक’ हे उत्तर कुणी दिलं होतं? आपणच. ‘आहे, आहे’ कोण म्हणालं? तेही आपणच. आपलाच पाय आपल्याच पायात अडकतोय हे उत्तर देता देताच उमगत जातं, आणि अडकवणारा समोर भोळा चेहरा करून उभा. वाद घालायचा कुणाशी? बाबांनी तर काही म्हटलेलंच नाही, नुसतं विचारलं.

कोर्टातला वकील उलटतपासणीत हेच करतो. पण वकिलाला साक्षीदार पाडायचा असतो. बाबांचा साक्षीदार पडला की बाबा त्याला ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’च्या गजरात उचलून घेतात. म्हणजे लाज वाटायच्या आत टाळ्या वाजवायला लागायचं. हा गजर मला नेहमी भक्तीपेक्षा शहाणपणाचा वाटला आहे. चूक कबूल केलेल्या माणसाला आपल्याकडे लगेच काहीतरी करायला द्यावं लागतं, नाहीतर तो घरी जाऊन दुप्पट हट्टी होतो.

अर्थात हे हत्यार बाबांनी शून्यातून घडवलेलं नाही. वारकरी कीर्तनात अभंगाचं ध्रुवपद बुवांनी म्हटलं की मागचे टाळकरी ते उचलतात, परत परत म्हणतात. तासाभराने घरी जाणाऱ्या माणसाला निरूपण आठवो न आठवो, ध्रुवपद ओठांवर असतंच. (त्याच पालुपदाची आपण पुढे ‘सारखं काय तेच पालुपद लावलंय’ अशी वाट लावली, ते जाऊ दे.) बाबांनी एवढंच केलं, की मागचे दहा टाळकरी सोडून समोरच्या सगळ्या गावालाच टाळकरी केलं.

आणि तोंड उघडायच्या आधी झाडू. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव, जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ साली घर सोडलं. डोक्यावर खापर, हातात झाडू, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, अंगावर चिंध्यांची गोधडी. असा माणूस गावात शिरतो आणि कुणाला काही न सांगता झाडायला लागतो. सकाळी पोरं बघत उभी राहतात, दुपारी एखाद-दुसरा खराटा घेऊन सामील होतो, आणि संध्याकाळी कीर्तनाला माणसं बसतात ती आपणच झाडलेल्या जागेवर. स्वच्छतेवर वेगळं बोलायला काय उरलं? लोकांनी त्यांना नावंही दिली ती अंगावरच्या आणि हातातल्या वस्तूंवरून. कुठे गोधडेबाबा, कुठे चिंधेबुवा, कुठे गाडगेबाबा.

त्यांचं शिक्षणाबद्दलचं सांगणं तर अनेकांना शब्दशः पाठ आहे. पैसे नसले तर जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला. मी हे वाक्य प्रशिक्षणात किती वेळा उलगडून सांगितलं असेल. ‘शिक्षणाचं महत्त्व’ हा शब्दच त्यात नाही. ताट, भाकरी, लुगडं. ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर तिच्या घरातलं ताट येतं, त्याला गेलेला पोचासुद्धा दिसतो, मोडीत किती येतील याचा अंदाज ती बसल्या बसल्या बांधते. म्हणजे निर्णयाचा अर्धा हिशोब कीर्तनातच उरकला. लुगडंच का, नवऱ्याचं धोतर का नको, हा प्रश्न माझ्यातली बाई दर वेळी विचारते आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण बघा, विचारताना मलाही पूर्ण वाक्य आठवतंच.

२०००-०१ साली राज्य सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. पहिल्या वर्षांत त्याने गावंच्या गावं झाडूनपुसून निघालेली मी स्वतः पाहिली आहेत. ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द त्या काळात चारचौघांत उच्चारला जायला लागला, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या गोष्टीला लोक ‘बाहेर जाणं’ म्हणून पदराआड ठेवत होते तिचं नाव भिंतीवर आलं. पुढे पुढे मात्र आधी झाडलेला रस्ता, त्यावर कोरे झाडू, आणि झाडूंमागे फोटोसाठी उभी राहिलेली मंडळी. झाडू तोच, पण बाबांचा झाडू खराखुरा कचरा काढत होता. वस्तूची खूण झाली की ती काम सोडून देते.

प्रश्न विचारायचं हे तंत्र टिळकांनाही ठाऊक होतं, छापील अक्षरातून. जुलै १८९७, पुण्यात प्लेगचं वर्ष, प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली त्याला दोन आठवडे झालेले, सरकार शहरावर दात-ओठ खात होतं. त्यावर केसरीचा मथळा, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ सव्वाशे वर्षांनंतरही मराठी माणसाला अग्रलेखातलं एक वाक्य सांगता येणार नाही, पण मथळा चहाच्या टेबलावर सर्रास वापरला जातो, नगरपालिकेपासून क्रिकेटच्या निवड समितीपर्यंत कुणालाही. मथळ्याने विचारलं, उत्तर वाचणाऱ्याने मनात दिलं. राजद्रोह झालाच असेल तर तो वाचकाच्या डोक्यात झाला.

इथे एक मात्र सांगायला हवं. सगळेच प्रश्न सारखे नसतात. मैदानावर लाखभर माणसं जमवून "हवं की नको?" असं विचारणारे आणि "हवं!" अशी गर्जना मिळवणारे पुढारी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तेही प्रश्नच विचारतात, तिथेही उत्तर लोकांच्याच तोंडून येतं. पण ते उत्तर लोक घरूनच घेऊन आलेले असतात. बाबांचा प्रश्न समोरच्याच्या देवघरात शिरत होता. उत्तर देणाऱ्याला काहीतरी सोडावं लागत होतं, निदान एखादा नवस, एखादा बकरा. आणि आणखी एक जात आहे, आमच्या धंद्यातली, ‘कळलं का?’ म्हणून विचारण्याची. याचं उत्तर जगात सगळीकडे ‘हो’ असंच असतं.

काही वेळा तर बोलावंही लागत नाही. मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला. पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचं कागदोपत्री मान्य केलं. कागद नीट होता, भाषा नीट होती. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ठरावाची भाषा आज कुणाला आठवते? ओंजळ मात्र प्रत्येकाला दिसते, न पाहिलेल्यांनाही. त्या दिवशी तिथे असलेल्या प्रत्येकाच्या तोंडात तो ठराव पाण्याच्या चवीने गेला, असं मला म्हणावंसं वाटतं.

बाबासाहेबांच्याच एका वाक्याचं पुढे काय झालं तेही मजेदार आहे. १९४२ला नागपूरच्या परिषदेत ते इंग्रजीत म्हणाले, एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. मराठीत ते सगळीकडे झालं ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. क्रम बदलला. यावर अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. आधी मनं ढवळायची की आधी माणसं गोळा करायची, हा फार मोठा प्रश्न आहे. पण मोठ्याने म्हणून पाहिलं की कळतं, लोकांनी ते जिभेला सोसेल तसं बसवलं आहे. ‘सं’वर ‘सं’ आदळतो, शेवट आज्ञेवर होतो, मोर्च्यात पाऊल पडतं. वाक्य लोकांच्या तोंडी गेलं की ते बोलणाऱ्याच्या मालकीचं राहत नाही. ज्या नेत्याला हे सोसत नाही त्याने प्रसिद्धिपत्रकं काढावीत.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी याच्या उलट दिशेने काम केलं असं मला वाटतं. शब्द लोकांच्या घरातलेच होते, त्यांनी फक्त एक नवा शब्द मध्ये ठेवला. राज्यघटनेत पहिल्याच अनुच्छेदात ‘इंडिया म्हणजेच भारत’ असं आहे. जोशींनी ‘म्हणजेच’ काढून ‘विरुद्ध’ घातलं. इंडिया विरुद्ध भारत. चाकणच्या कांद्यापासून सुरू झालेल्या आंदोलनाचं सगळं अर्थशास्त्र त्या एका अव्ययात मावलं. आणि मागणी? ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव, हे झालं निवेदनातलं मराठी. घामाचे दाम हे छातीवर लाल बिल्ला लावलेल्या माणसाला बैलगाडीतून ओरडता येतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला गेले होते तेव्हा घोषणा गोंडीत ऐकली, ‘मावा नाटे मावा राज’. मराठीत ते म्हणतात, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून हे वाक्य सगळीकडे पोचलं. मी ते बरेच दिवस नुसतं जोशपूर्ण म्हणून ऐकत होते. मग एकदा पहिला अर्धा भाग नीट ऐकला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार.’ म्हणजे ते नाकारलेलं नाही, उलट आपलं म्हटलं आहे. आणि मग ‘आमचं’चं ‘आम्हीच’ होतं. एका प्रत्ययाने काम केलं. २००९ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक वनहक्क मान्य झाला, देशात हे अगदी आधी मिळवणाऱ्या गावांत ते होतं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची संमती होईपर्यंत बोलत बसतात. त्यामुळे घोषणा एकदा बसली ती पक्की बसली, कारण ती प्रत्येकाच्या तोंडून तावून निघाली होती.

माझं सांगायचं तर, म्हातारीच्या त्या वाक्यानंतर मी स्लाइड एकदम टाकून दिल्या असं काही झालं नाही. सत्तेचाळीसच्या तीस केल्या. शहाणपण हप्त्याहप्त्याने येतं. पण पुढच्या दुष्काळात, दुसऱ्या एका गावात, मी पहिल्यांदा प्रोजेक्टर जीपमध्येच ठेवला. शाळेच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं होती, रस्त्याला टँकर उभा होता आणि हंड्यांची रांग लागली होती. मी विचारलं, हा टँकर किती लिटरचा? दहा हजार, चार जणांनी एकदम सांगितलं. दुष्काळी गावात हा आकडा शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मी सांगितलं, एक एकर रानावर अडीच मिलिमीटर पाऊस पडला की असा एक टँकर पाणी पडतं. एवढंच मी सांगितलं. आपल्याकडे वर्षाला पाऊस किती? कुणी चारशे म्हणालं, कुणी सहाशे. शिक्षक म्हणाले, पाचशे धरा. सातवीतला एक पोरगा फरशीवर खडूने भागाकार करायला बसला. पाचशे भागिले अडीच. दशांशचिन्हापाशी अडखळला, शिक्षकांनी नुसती मान हलवली, मग जमलं.

"दोनशे."

"दोनशे काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"टँकर, आबा. तुमच्या एका एकरात."

आबांचं रान पाच एकर. ते थोडा वेळ टँकरकडे बघत राहिले. "हजार टँकर," ते म्हणाले, "दरसाली. मंग जात्यात कुटं?"

हा प्रश्न मी विचारणार होते. माझ्या जुन्या मांडणीत तो तेविसाव्या स्लाइडवर होता, लाल अक्षरांत, गोल फिरत येणारा. तो आबांनी विचारला. मग बांध, चर, गाळ भरलेला पाझर तलाव, सगळं त्यांनीच काढलं. आकडे लक्षात राहत नाहीत असं आम्हा लोकांत म्हणायची पद्धत आहे. लक्षात राहतात, पण ज्याने भागाकार केला त्याच्या. तो पोरगा पुढे कृषी पदविकेला गेला आणि मला अजून फोनवर ‘दोनशे टँकरवाला बोलतोय’ म्हणतो.

पण मग मी या गोष्टीच्या प्रेमात पडले होते आणि तेव्हाच एक फटका बसला. ‘रांजण एकच’ हे वाक्य मी जाईन तिथे पेरत होते. एका गावात एक तरुण विधवा बाई विहिरीसाठी अर्ज घेऊन ग्रामसभेत आली. पाऊण एकर जमीन, त्यात एक खड्डासुद्धा नाही. गावातला एक बागायतदार, तीन बोरी आणि शेततळं असलेला, उठला आणि अत्यंत सौम्य आवाजात म्हणाला, "मॅडमच सांगतात ना, रांजण एकच आहे. आता आणखी अकरावं ओगराळं कशाला?" लोकांनी माना डोलावल्या. वाक्य इतकं ओळखीचं झालं होतं, की ते कुणाच्या तोंडून येतंय हे कुणी पाहिलंच नाही.

मी पाहिलं, आणि मला तिथल्या तिथे काहीही सुचलं नाही. तोंडपाठ झालेल्या वाक्याशी भांडणं फार अवघड असतं, विशेषतः ते आपणच गावोगाव नेलेलं असलं की. अर्ज त्या सभेत मागे पडला. पुढच्या सभेला मी तयारी करून गेले आणि विचारलं, ओगराळी किती, हे कळलं. कुणाचं ओगराळं केवढं, हे कोण सांगणार? मोजणी झाली, थोडी भांडणं झाली, बाईच्या विहिरीला मंजुरी मिळाली. पण तोवर एक पावसाळा गेला होता. लक्षात राहणारं वाक्य खरं असतंच असं नाही, आणि खरं असलं तरी अर्धंच असतं, हे मला त्या बाईच्या एका वाया गेलेल्या हंगामाच्या भावाने कळलं. हे मी प्रशिक्षणात सांगते. लोकांना ते फारसं आवडत नाही, त्यांना घोषवाक्य हवं असतं.

घोषवाक्यावरून शेवटचं. आमच्या संस्थेने एका उन्हाळ्यात गावोगावच्या भिंती रंगवायच्या ठरवल्या. मी आग्रह धरला की त्या पहिल्या गावात म्हातारीचंच वाक्य लिहायचं. कार्यालयात त्यावर बैठक झाली, मसुदा वर गेला, खाली आला, आणि शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात अक्षरं उमटली: ‘रांजण एकच, ओगराळी दहा’. त्याखाली लहान अक्षरांत ‘पाणी हेच जीवन, जपून वापरा’. त्याखाली आमचं बोधचिन्ह.

म्हातारीला बोलावून आणलं. ती काठी टेकत आली, पार वाकली होती. तिला वाचता येत नव्हतं. नातीने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचून दाखवलं. म्हातारीने मन लावून ऐकलं.

"वगराळी," ती म्हणाली. "ओगराळी न्हवं."

नात म्हणाली, पुस्तकात तसंच असतं, आजी. म्हातारीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि काठीने दुसऱ्या ओळीकडे दाखवलं.

"आन् खालचं ह्ये कुणी जोडलं? ह्ये मी म्हनलं न्हवतं."

रंगारी अजून शिडीवरच होता. त्याने ब्रश डब्यात बुडवून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.